गाडी वाकत नाही, मामू!



कवीला भाषणाला बोलावलं की तो पावसावर, आईवर किंवा भाषेवर बोलेल, अशी साधारण अपेक्षा असते. मी आज मोटारसायकलवर बोलणार आहे. तीही स्पोर्ट मोटारसायकल. फुगीर टाकीची, मागची सीट माडीवर चढवलेली आणि हँडल इतकं खाली की चालवणारा कुणाच्या तरी पाया पडायला निघाल्यासारखा दिसतो. माझं वय पन्नाशीच्या पुढचं, शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. मग या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. त्याला दोन उत्तरं आहेत. एक, माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळा सुटल्यावर मी तिथं पंक्चर काढत असे. दुसरं, अशाच एका मोटारसायकलीनं काही वर्षांपूर्वी आमच्या घराची झोप उडवली होती.

माझी मोठी बहीण, आमची आपा, कोल्हापुरात राहते. भाऊजी 2021 च्या साथीत गेले. घरात मिळवता एकच, माझा भाचा. त्याची नोकरी रत्नागिरीला. शनिवारी संध्याकाळी तो कोल्हापूरला यायचा आणि सोमवारी पहाटे परत निघायचा. वाटेत आंबा घाट. 2022 च्या दिवाळीत त्यानं साठवलेल्या पैशातून जुनी स्पोर्ट बाईक घेतली. आधीचा मालक पुण्यात नोकरी करणारा होता. हा तपशील तेव्हा कुणी लक्षात घेतला नाही. पुढे तोच कामाला आला.

जानेवारी 2023 मधल्या एका सोमवारी हा मुलगा घाट उतरत होता. डावीकडचं वळण आलं. यानं गाडी डावीकडे वळवायला घेतली, पण गाडी वळेना. ती हळूहळू रस्त्याच्या मधल्या पट्ट्याकडे आणि मग पट्टा ओलांडून पलीकडे गेली. समोरून एसटी चढत होती. चालकानं करकचून ब्रेक दाबले. दोघांमध्ये हातभर अंतर राहिलं. चालक खिडकीतून जे बोलला ते आकाशवाणीवर सांगता येणार नाही, पण त्याच्यामुळेच हा मुलगा आज आहे.

आपाला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “विकून टाक.” भाचा माझ्याकडे आला. “मामू, माझा वेग फार नव्हता. शपथ घेऊन सांगतो. गाडी वाकतच नाही. मी तिला वळवतोय आणि ती उभी राहतेय.”

अशा वेळी आपण वडीलधारी मंडळी काय करतो? मुलगा वेगात होता, आता थापा मारतोय, असं धरून चालतो. मीही तसंच धरलं. पण रात्री एक विचार मनात आला आणि जाईना. समजा मुलगा खरं बोलत असेल, आणि आपण ही गाडी विकली, तर ती दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा घेईल. त्याच्याही वाटेत कुठला ना कुठला घाट असेल. दोष तसाच राहील, फक्त आई बदलेल. सकाळी आपाला म्हटलं, “मला महिनाभर दे. तोवर तो एसटीनं जाईल.” ती म्हणाली, “महिना घे. पण शेवटी हो की नाही, ते तू सांगायचंस. तुझ्यावर सोडलं.”

श्रोतेहो, मोटारसायकल वळताना वाकते का, हे आधी समजून घेऊ. तोल सांभाळायचा तर तिला वळणाच्या आतल्या बाजूला कलावंच लागतं, आणि किती कलायचं हे वेग आणि वळण मिळून ठरवतात. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 18 किलोमीटर वेगानं गेलात, तर साधारण 7 अंश कललं की पुरतं. तेच वळण ताशी 36 किलोमीटरनं घेतलं, तर 27 अंश कलावं लागतं. वेग दुप्पट, पण कल जवळजवळ चौपट. म्हणून बाजारात जाताना जी गाडी शहाण्यासारखी वागते, तिचा खरा स्वभाव घाटात कळतो. तरुण पोरं याला ‘गाडी झोपवणं’ म्हणतात. झोपवणं हा शब्द आयांना ऐकवू नये, एवढंच माझं म्हणणं.

भाच्यानं आधी एका गॅरेजमध्ये दाखवलं होतं. तिथं सांगितलं, मागे रुंद टायर टाका, गाडी आपोआप झोपेल. आम्ही गेलो उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे. पत्र्याची शेड, बाहेर लिंबाचं झाड, आत तीस वर्षांचं ऑइल. रुंद टायरचं नाव काढताच मिस्त्री हसले. “अरं, रिम तेवढीच आणि टायर रुंद घातला तर तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातोय. गोलाई बिघडतीय. आणि टायर जेवढा रुंद, तेवढं त्याच वळणाला जास्त वाकावं लागतंय. दुखतंय गुडघा आणि बदलायची टोपी?”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भाई, आधी फुकटचं बघूया. मग पैशाचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारंल, पण कशानं सुधारली ते कळायचं न्हाई.”

हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. गझलेची एखादी ओळ म्हणताना अडते, तेव्हा नवशिका कवी सगळी ओळच फेकून देतो. मुरलेला माणूस ती पुन्हा पुन्हा म्हणतो, कुठल्या मात्रेवर जीभ अडखळते ते पाहतो आणि तेवढा एकच शब्द हलवतो. मी खिशातली कवितेची वही काढली आणि तिच्यात मोटारसायकलीचा हिशेब लिहायला लागलो.

पहिली नोंद हवेची. गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना मोजायची. गाडीवरच्या स्टिकरवर पुढच्या चाकाला 29 आणि मागच्याला 33 पीएसआय लिहिलेलं होतं. मागे बरोबर होती. पुढे निघाली 21. व्हॉल्व्हची पिन झिरपत होती. पुढच्या चाकात हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो, हँडल जड होतं आणि गाडी वळणात शिरायला कुरकुर करते. पिन बदलली, हवा भरली. भाच्यानं एक फेरी मारली. “हलकं झालं मामू, पण पूर्ण नाही.” वहीत लिहिलं : हवा, थोडा फरक.

दुसरी नोंद मागच्या टायरची. मिस्त्रींनी टायरवर आडवी पट्टी ठेवली आणि मला वाकून बघायला सांगितलं. मोटारसायकलच्या टायरचा माथा गोल असतो. त्या गोलाईवरूनच गाडी एका बाजूला लोळत जाते, अंडं कलंडावं तशी. या टायरचा माथा मधोमध सपाट झाला होता. पट्टी त्यावर पाटासारखी बसली. दोन्ही कडांवर मात्र नक्षी नव्यासारखी शाबूत. मला पुण्याचा मालक आठवला. हा माणूस दर आठवड्याला हायवेनं पुणे ते कोल्हापूर सरळ रेषेत ये-जा करत असणार. टायरनं त्याची डायरीच लिहून ठेवली होती. अशी गाडी कलवायला गेलं की आधी ती सपाट भागावर हट्टानं उभी राहते, आणि एकदा सपाटीची धार ओलांडली की धपकन खाली जाते. चालवणारा बिचकतो आणि तिला परत उभी करतो. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का होता, 3217. त्याचा अर्थ 2017 सालच्या 32 व्या आठवड्यात बनलेला. म्हणजे टायर साडेपाच वर्षांचा, रबरही कडक झालेलं.

नवा टायर घातला. कंपनीनं दिलेल्याच मापाचा, रुंद नाही. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवायला मिस्त्रींनी बजावलं. तेवढे झाल्यावर भाचा म्हणाला, “आता कलते. पण कलायला सुरुवात करताना मध्ये कुठंतरी अडते.”

तिसरी नोंद त्या अडण्याची. मिस्त्रींनी इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक जमिनीपासून उचललं आणि मला म्हणाले, “भाई, दोन बोटांनी हँडल हळूच इकडून तिकडं फिरवा.” मी फिरवलं. डावीकडून उजवीकडे जाताना बरोबर मध्यावर बोटांना हलकासा खटका लागला. जुन्या कपाटाचा खण बंद होताना लागतो तसा. हँडलच्या नळीत वर-खाली बेअरिंग असतात, मिस्त्री लोक त्यांना कोनसेट म्हणतात. गाडी वर्षानुवर्षं सरळ चालून खड्ड्यांत आदळली की गोळ्या एकाच जागी ठोके खातात आणि वाटीत बारीक खळगे पडतात. मग हँडल त्या खळग्यांत जाऊन बसतं. त्यातच कुणीतरी वरचा नट जास्त आवळला होता. वळणात शिरताना हँडलची हालचाल केसभर असते. ती केसभरच अडली, तर गाडी ताठ राहते. कोनसेट नवा टाकला, ग्रीस भरलं, नट मापात आवळला.

काही गोष्टी तपासून तशाच सोडल्या, त्याही सांगतो. कारण दोष शोधण्याइतकंच, जिथं दोष नाही तिथं हात न लावणं महत्त्वाचं असतं. पुढची दोन्ही चाकं— क्षमा करा, पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आहेत का, हे आम्ही दोरा ताणून पाहिलं. माझे वडील सायकलीला हेच करायचे. रेष सरळ होती. मग मागचं सस्पेन्शन. मागची बाजू फार दबत असेल, तर पुढचे फोर्क आडवे होतात. हँडलच्या नळीच्या रेषेचं टोक जमिनीला जिथं टेकतं आणि टायर जिथं टेकतो, यांत अशा गाड्यांना साधारण 100 मिलिमीटरचं अंतर असतं. त्या अंतरामुळेच चाक खुर्चीच्या चाकासारखं मागोमाग सरळ धावतं. ते वाढलं की गाडीला सरळच जावंसं वाटतं. मिस्त्रींनी टेप लावून मागचं चाक लोंबकळताना आणि भाचा बसल्यावर अशी दोन मापं घेतली. एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गाडी दबत होती. “ठीक हाय. हात लावायचा न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

आता गाडीत काही उरलं नव्हतं. महिन्यातले तीन आठवडे झाले होते. रविवारी सकाळी आम्ही एका मोकळ्या मैदानावर गेलो. विटा ठेवून गोल आखला. भाच्याला हेल्मेट, हातमोजे, जाड जॅकेट घालायला लावलं आणि ताशी तीस किलोमीटरनं फेऱ्या मारायला सांगितलं. पाचव्या फेरीला तो थांबला. रडवेला झाला होता. “मामू, अजून तेच. थोडी कलते आणि उभी राहते.”

खरं सांगतो, त्या क्षणी मी आपाला काय सांगायचं ते ठरवून टाकलं होतं.

मिस्त्री मात्र गाडीकडे बघतच नव्हते. ते मुलाच्या हातांकडे बघत होते. म्हणाले, “बाळ, हात दाखव.” भाच्यानं हातमोजे काढले. तळहात लाल, बोटांच्या पेरांवर वळ. “डावीकडं जायला काय करतोस?” “हँडल डावीकडं वळवतो.” “न्हाई वळवत. तुला वाटतंय तसं.”

श्रोतेहो, ही गोष्ट ऐकायला विचित्र आहे, पण शंभर टक्के खरी आहे. वेगात असलेली दुचाकी डावीकडे कलवायची असेल, तर हँडल क्षणभर उजवीकडे जावं लागतं. चाक उजवीकडे सरकतं, वरचा भार डावीकडे पडू लागतो, आणि मग चाक आपोआप डावीकडे वळून तो भार सावरतं. आपण सगळे लहानपणी हे शिकतो आणि शिकलो हे आपल्याला कधीच कळत नाही. स्कॉटलंडच्या रँकिन नावाच्या अभियंत्यानं 1869 मध्येच दुचाकीच्या तोलावर लेख लिहिले होते. पुढे 1903 मध्ये विमान उडवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर यांनाही हे नेमकं उमगलं होतं. त्यांचंही सायकलीचं दुकान होतं, हे मी वडिलांच्या वतीनं अभिमानानं सांगतो.

म्हणून डावीकडे जायचं तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची, एवढंच काम. उजव्या हातानं त्या वेळी काही करायचं नसतं. तो सैल हवा. भाचा डाव्या हातानं नकळत ढकलत होता आणि उजव्या हातानं हँडल घट्ट आवळून तेच ढकलणं रोखत होता. दोन हातांची आपसात कुस्ती चालली होती. त्यात घाटातल्या त्या दिवशी गाडी बाहेर जाताच घाबरून त्यानं पुढचा ब्रेक दाबला होता. कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की ती उभी राहू पाहते. आणि नजर खिळली होती समोरच्या एसटीवर. जिकडे नजर, तिकडे गाडी.

मिस्त्रींनी विचारलं, “एवढं घट्ट धरायला कुणी शिकवलं रं?”

भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, “मामूंनी.”

आणि मला सगळं आठवलं. हा सहा वर्षांचा असताना मी त्याला सायकल शिकवली होती. मागे कॅरिअर धरून धावत होतो आणि ओरडत होतो, “हँडल घट्ट धर! सोडू नकोस, घट्ट धर!” सहा वर्षांच्या मुलाला तो सल्ला चुकीचा नव्हता. पण तो कधी संपला, हे सांगायला मी विसरलो. आपण वडीलधारी माणसं सल्ले देतो, ते परत घेत नाही.

मिस्त्रींनी त्याला सांगितलं, गुडघ्यांनी टाकी धर, कोपर मोकळे सोड, मुठी अशा धर की आत चिमणी असावी. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असतानाच संपव. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेव. चौथ्या फेरीला गाडी कलली. कुरकुर न करता, एका लयीत आणि पूर्ण गोलभर. तो हेल्मेटच्या आत ओरडलेला मला बाहेर ऐकू आला.

मग उत्साहानं त्यानं मला मागे बसवलं. दोन फेऱ्यांनंतर थांबून म्हणाला, “मामू, आता तुम्ही वाकत नाही.” खरंच होतं. तो डावीकडे कलला की मी घाबरून उजवीकडे ताठ होत होतो. मागे बसलेला माणूस उलट कलला, तर कितीही चांगली गाडी अडते. मग मला शिकवण्यात आलं की मागच्यानं चालवणाऱ्याच्या खांद्यावरून, वळणाच्या आतल्या बाजूनं पुढे बघायचं आणि त्याच्याबरोबर जायचं. ते जमायला मला आणखी तीन फेऱ्या लागल्या. त्या वयात नव्यानं वाकायला वेळ लागतो.

आपाला मी सगळं सांगितलं. हवा, टायर, कोनसेट आणि माझा सल्ला. गाडी निर्दोष होती असं सांगितलं नाही, कारण ती नव्हती. मुलगा निर्दोष होता असंही नाही. दोघांमध्ये थोडं थोडं होतं आणि ते एकमेकांत मिसळलं होतं. नुसता टायर बदलला असता, तरी तो पुन्हा त्या पट्ट्यापलीकडे गेला असता. नुसतं शिकवलं असतं, तर सपाट टायरनं त्याला खोटं पाडलं असतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “जाऊ दे. पण घाट उतरला की फोन कर म्हणावं.”

त्या सोमवारी पहाटे आम्ही दोघं भावंडं स्वयंपाकघरात बसून होतो. चहा दोनदा गरम केला आणि दोनदा गार झाला. साडेसातला फोन वाजला. “मामू, साखरप्यात आहे. मिसळ खातोय.” आपानं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला एवढंच विचारलं, “पाव गरम आहे का?”

श्रोतेहो, तुमच्याही घरात एखादं मूल असेल, जे म्हणत असेल की गाडी वळत नाही. त्याला खोटं पाडण्याआधी पुढच्या टायरची हवा मोजा. मागच्या टायरवर पट्टी ठेवा. पुढचं चाक उचलून दोन बोटांनी हँडल फिरवा. याला फार तर अर्धा तास लागतो. आणि दोष सापडला नाही किंवा दुरुस्त केला नाही, तर ती गाडी दुसऱ्याच्या मुलाला विकू नका. सगळं करूनही गाडी ताठच राहिली, तर त्याचे तळहात बघा. वळ असतील, तर ते कुणी शिकवले तेही विचारा. उत्तर ऐकायची तयारी मात्र ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)